यंदा बरणी आली नाही

रत्नागिरी,
१२ मे १९९८

चि. श्याम यास अनेक आशीर्वाद.

खारातल्या कैऱ्यांची बरणी भागोजीच्या हाती देत आहे. ठाण्याच्या गाडीवर अजून तोच ड्रायव्हर आहे म्हणून बरं, नाहीतर आपल्या दोघांत निरोप्यासुद्धा उरला नसता. कैऱ्या यंदा बारीक आहेत. विहिरीजवळच्या रायवळाच्या आहेत, कलमांच्या नव्हेत. मीठ मात्र मापापेक्षा मूठभर जास्तच घातलंय, तुला मऊ भाताशी तशाच आवडतात.

तू पत्राचं उत्तर देत नाहीस. लहानपणी तुझं पत्रलेखन मीच घेत असे आणि दहापैकी सात मार्क देत असे. आता शून्य. पण बरणी घेतोस, हे भागोजी दरवर्षी सांगतो, म्हणून मीही पत्र लिहिणं सोडत नाही.

गेल्या महिन्यात तू त्याला ठाण्याच्या ष्ट्यांडावर दिसलास म्हणे, म्हणून या खेपेस तो आणखी एक बोलला. "बाय, भाऊ वायच खचल्यासारखं दिसलं. ष्ट्यांडाचा जिना चढताना दोनदा थांबलं. दम लागता त्यांना." तुझं वय अठ्ठेचाळीस. जिन्यावर थांबण्याचं हे वय नव्हे. सिगारेट ओढतोस काय? ओढत असशील तर सोड.

कमलावहिनी बरी आहे. दादाला जाऊन येत्या श्रावणात पाच वर्षं होतील. त्याविषयी मी काही लिहीत नाही. तुलाही काही ऐकायचं नसेल.

सौ.ला आणि स्वानंदीला आशीर्वाद.

तुझी,
विमलताई

*

रत्नागिरी,
३ डिसेंबर १९९८

चि. श्याम यास आशीर्वाद.

बातमी दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच कळवते. परवा तिसरीच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता मी खाली बसले. पडले नाही, बसले. पोरं म्हणतात बाई पडल्या. पोरांना सगळंच वाढवून सांगायची हौस. वहिनीनं नेहमीप्रमाणे मीठ-साखरेचं पाणी पाजलं. आपल्याकडे घेरीवर दुसरं औषध आहे कुठे? आईसुद्धा आप्पांना तेच पाजायची.

मग हेडमास्तरांनी बळजबरीनं डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणजे एक मुलगी आहे, आपल्या स्वानंदीहून आठ-नऊ वर्षांनी मोठी असेल. तिनं दंडाला पट्टा बांधला, काटा पाहिला, पुन्हा बांधला. दोनशे दहा. छातीचा फोटो काढला. त्यात म्हणे माझं हृदय असायला हवं त्यापेक्षा मोठं दिसतं. नक्की कळण्यासाठी कोल्हापूरला जाऊन तपासणी करायची आहे.

तिनं विचारलं, "बाई, तुमच्या घरात कोणी असं अचानक गेलंय का?"

मी म्हटलं, नाही.

का म्हटलं, कोण जाणे. पस्तीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या.

तू एकदा प्रेशर तपासून घे. दोन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही.

तुझी,
विमलताई

*

रत्नागिरी,
२० फेब्रुवारी १९९९

चि. श्याम,

कोल्हापूरला जाऊन आले. अंधाऱ्या खोलीत छातीवर थंडगार काहीतरी चोपडून एका पडद्यावर माझंच हृदय मला दाखवलं. हलताना दिसतं. मला लाज वाटली, का ते विचारू नकोस.

परत आल्यावर त्या डॉक्टर मुलीला मी खरं सांगितलं. आप्पा एकोणपन्नासाव्या वर्षी पडवीत पान लावता लावता गेले. दादा बावन्नाव्या वर्षी कलमांखालचं गवत काढताना गेला. दोघांनाही अधूनमधून घेरी यायची आणि दोघांनाही आपण मिठाचं पाणी पाजलं. ती रागावली नाही. कागदावर हृदय काढून दाखवलंन. रक्ताच्या नळ्यांत दाब वाढला की हृदयाला जोर लावून रक्त ढकलावं लागतं. वर्षानुवर्षं जोर लावून त्याची भिंत जाड होते आणि ते वाढतं. हमालाचे दंड कसे भरतात, तसंच. पण दंडांचं कौतुक होतं, आणि हे बिचारं शेवटी दमून जातं.

मी म्हटलं, प्रेशर तर अर्ध्या रत्नागिरीला आहे. त्यावर ती म्हणाली, तेवढ्याच प्रेशरनं एकाचं हृदय वाढतं आणि दुसऱ्याचं वाढत नाही. काही घरांमध्ये हा वाढण्याचा कल आईबापांकडूनच येतो. तो नेमका कशातून येतो, ते अजून शोधताहेत. मग विचारलंन, "तुम्हाला भाऊ आहे का आणखी?"

आहे, म्हटलं. ठाण्याला असतो.

"मग त्यांना सांगा. उशीर करू नका."

सांगते आहे. आपलं नाक आप्पांचं, हट्ट आप्पांचा, तसं हेही आलं असेल. दादाला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर तो राहिला असता. त्याला कोणी सांगितलंच नाही. तुला मी सांगते आहे. तपासून घे आणि नुसता आकडा कळव, बाकी काही लिहू नकोस.

तुझी,
विमलताई

*

रत्नागिरी,
१५ मे १९९९

चि. श्याम,

यंदा बरणी पाठवत नाही.

कैऱ्या उतरवल्या होत्या. बरणी धुऊन उन्हात ठेवली होती. मिठाची पिशवी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. डॉक्टरनं माझं लोणचं, पापड, सुकी मासळी सगळं बंद केलंय. तुमच्या घरात हे चालायचं नाही म्हणाली, तुमच्या भावालाही नाही. पाच वर्षं मी तुला दर मे महिन्यात मूठभर जास्त घालून तेच पाठवत होते. माझ्या हातून तू तेवढंच घेत होतास.

राग धरू नकोस. प्रेशर तपासलंस का?

तुझी,
विमलताई

*

पोस्टकार्ड, ठाण्याहून आलेलं. १६ जून १९९९.

ती. ताईस नमस्कार.
यंदा बरणी आली नाही. भागोजीला विचारलं, तो काही नीट सांगेना. तुझी तब्येत बरी आहे ना?
श्याम

*

पोस्टकार्ड पहिलं. २१ जून १९९९

चि. श्याम,

सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून ओळी खाली उतरत्या लिहितोस.

बरणी का नाही, ते मी मे महिन्याच्या पत्रात लिहिलं होतं. म्हणजे ते तू फोडलंच नाहीस, आणि त्याआधीचीही फोडली नसशील. म्हणून आता कार्डावर लिहिते. कार्डाला फोडायचं काही नसतं, हातात आलं की वाचलं जातंच. इथला केरू पोस्टमन माझा विद्यार्थी, तो वाचणार. पोस्टात वाचतील, तुझ्या इमारतीत वाचतील. वाचू देत.

दादा तुझ्यामुळे गेला नाही. उरलेलं उद्याच्या कार्डावर.

विमलताई

*

पोस्टकार्ड दुसरं. २२ जून

दादा गेला त्याच्या आधीच्या मे महिन्यात तो दाढ काढायला गेला होता, आठवतं? दाढ काढण्याआधी तिथं त्याचं प्रेशर मोजलं. खूप निघालं. गोळ्या लिहून दिल्या, रोज एक. दादा घरी येऊन बाटली माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "घेऊ काय गो? तू शिकलेली हायस."

अकरा दिवस त्यानं घेतल्या. मग मीच म्हटलं, "एकदा सुरू केल्यास की जन्मभराच्या लागतील. तुला होतंय काय? सकाळी लसणीची पाकळी खा." तो हसला. बाटली मी माझ्या कपाटात ठेवून दिली. वहिनीला यातलं काही सांगितलं नाही, उगाच घाबरेल म्हणून.

त्याला कोणी सांगितलं नाही असं मी तुला लिहिलं होतं. ते खोटं. सांगितलं होतं. मी थांबवलं.

*

पोस्टकार्ड तिसरं. २३ जून

तू ठाण्याला वेगळा गणपती बसवतो म्हणालास आणि दादा म्हणाला घराण्याचा गणपती एकच. भावाभावांत अशी भांडणं रत्नागिरीत दर घरात होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गवतात पडला.

तू अंगणात उभा होतास. चाळीस माणसं जमली होती. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुझ्या बोलण्यानं गेला तो. तू मारलंस माझ्या भावाला." हे मी दुःखाच्या भरात म्हटलं असं लोक समजले. तसं नव्हतं. ती बाटली कपाटात आहे हे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होतं. कुणी मला विचारण्याआधी मी तुझ्याकडे बोट केलं.

तू चपला घालून निघालास. मी हाक मारली नाही.

*

पोस्टकार्ड चौथं. २४ जून

पहिलं कार्ड टाकण्याआधी वहिनीला सांगितलं. केरूच्या तोंडून तिला कळलेलं मला चाललं नसतं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून एवढंच म्हणाली, "म्हणजे वन्सं, सहा वर्षं आपण भावजींना घराबाहेर ठेवलं ते उगाच?" मग तीन दिवस तिनं माझं ताट वाढलं नाही. आज माझ्या ताटात आळणी आमटी वाढलीन, आणि तीच स्वतःच्याही ताटात.

हे सगळं क्षमेसाठी लिहिलं नाही. तू जिन्यावर थांबतोस म्हणून लिहिलं. आप्पांचं, दादाचं, माझं जे आहे ते तुझंही असेल. उद्याच जाऊन तपास. गोळ्या दिल्या तर घे. कोणी काही म्हणालं, अगदी मी म्हणाले तरी, सोडू नकोस.

तुझी,
विमलताई

*

ठाणे,
११ जुलै १९९९

ती. ताईस सा. नमस्कार.

चारही कार्डं पोचली. पहिलं हिनं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मधेच थांबली. उरलेली मी वाचली. खालच्या मजल्यावरच्यांनीही वाचली असावीत, कारण हल्ली ते माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

तुझी पत्रं मी फोडली नाहीत, खरं आहे. सगळी कपाटावर एका पिशवीत होती. फोडली तर आत पुन्हा तेच वाक्य असेल अशी भीती वाटायची. बरणीत वाक्य नसतं, म्हणून बरणी घ्यायचो. काल सगळी फोडली.

आता माझंही ऐक. प्रेशर आहे हे मला ९५ सालापासून माहीत आहे. कंपनीत दरवर्षी तपासणी होते. त्यांनी गोळ्या दिल्या, मी घेतल्या नाहीत. हिला म्हणायचो संपल्या, आणतो, विसरलो. खरं कारण कुणालाच सांगितलं नाही. दादाला मी मारलं असं मी धरून चाललो होतो. तो बावन्नाव्या वर्षी गवतात पडला आणि मी गोळ्या खाऊन म्हातारा होणार, हे मला बरं वाटेना. मी काही ठरवून केलं असं नाही. रोज सकाळी डबी हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो.

परवा तपासलं. हृदय बरंच वाढलंय. डॉक्टर म्हणाले, चार वर्षांपूर्वी आला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हो.

गोळ्या सुरू केल्या आहेत. स्वानंदीचंही प्रेशर पाहिलं, आता ठीक आहे. दरवर्षी पाहायला सांगितलंय.

तुझा राग आला आहे. किती आला आहे ते अजून मलाच कळलेलं नाही. यंदा गणपतीला ये म्हणून लिहू नकोस.

श्याम

ता. क. वहिनीला नमस्कार सांग. आळणी आमटी इथेही सुरू झाली आहे. भयंकर लागते.

*

रत्नागिरी,
१९ जुलै १९९९

चि. श्याम,

ये म्हणून लिहीत नाही.

तुझं पत्र वाचल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. दादाच्या गोळ्या मी माझ्या तोंडानं सोडवल्या. तुझ्याही मीच सोडवल्या, अंगणात उभी राहून, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी आपली दर वर्षी मूठभर मीठ जास्त घालून बसले.

शाळेत मी पोरांना चुकीचं उत्तर शंभर वेळा बरोबर लिहायला लावते. तर हे लिहिते: तू दादाला मारलं नाहीस. तू दादाला मारलं नाहीस. शंभर वेळा लिहिलंय, वेगळ्या कागदावर, सोबत जोडलंय. हसू नकोस. हसलास तरी चालेल.

मी सकाळी आठ वाजता गोळी घेते. तूही आठलाच घे.

तुझी,
विमलताई

*

रत्नागिरी,
८ जुलै २००३

चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद.

तुझे बाबा जाऊन पाच महिने होतील. मी तुला त्याआधी कधी वेगळं पत्र लिहिलं नाही. तुझं माझं काही बोलणंच नव्हतं, त्याला कारणही मीच. आज लिहिते आहे कारण तुझ्या आईचं पत्र आलं. नोकरीच्या तपासणीत तुझं प्रेशर जास्त निघालं, पुढच्या तपासणीत हृदयाची भिंतही थोडी जाड दिसली, गोळ्या दिल्या आणि तू त्या घेत नाहीस, असं ती लिहिते. तू म्हणतेस, "मी चोवीस वर्षांची आहे, मला काही होत नाही. एकदा सुरू केल्या की जन्मभराच्या लागतील."

ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि परसात जाऊन उभी राहिले. वहिनी विचारायला आली, तिला ते पत्रच वाचायला सांगितलं.

अगो, हे वाक्य माझं आहे. तू ते कुठे ऐकलंस मला माहीत नाही, सगळीकडेच म्हणतात. पण दहा वर्षांपूर्वी याच घरात, याच परसात मी ते तुझ्या मोठ्या काकांना म्हटलं, आणि तीन महिन्यांत ते गेले. पुढचं सगळं तुला माहीत आहे. बाबांच्या पिशवीतली कार्डं तू वाचली असशीलच, ती वाचण्यासाठीच लिहिलेली होती.

तुझ्या बाबांनी गोळ्या सुरू केल्या तेव्हा चार वर्षं गेलेली होती. तरी साडेतीन वर्षं मिळाली. २००० साली गणपतीला तो आला, मी न बोलवता. भागोजीच्याच गाडीनं आला. ष्ट्यांडावर मी गेले होते. मला वाटलं तो काही बोलेल. त्यानं पिशवीतून रिकामी बरणी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "धुतलेली आहे." मग आम्ही दोघं तिथंच बाकावर बसून रडलो आणि रिक्षावाले बघत राहिले. आरतीला तोच पुढे होता. त्याचा आवाज मधेच तुटायचा, दम पुरत नव्हता, तरी थांबला नाही. गेला तो बावन्नाव्या वर्षी, दादाच्याच वयात. साडेतीन वर्षं थोडी वाटतात. पण त्यातली एक गणपतीची होती.

तुला ही चार वर्षं घालवायची नाहीत. तुझं आत्ताच कळलंय. या घरात इतक्या लवकर कुणालाच कळलं नव्हतं. आप्पांच्या वेळी तर कुणी मोजायलाही नव्हतं. त्यांच्याकडून नाक घेतलंस, हे घेतलंस, ते परत करता येत नाही. पण डॉक्टर म्हणतात, लवकर धरलं तर ते वाढायचं थांबतं, कधीकधी उतरतंही. मी एकोणसाठ वर्षांची आहे, रोज दोन गोळ्या घेते, आणि परवा विहिरीवरून दोन कळशा आणल्या. वहिनी ओरडली.

हो, जन्मभराच्या लागतात. खोटं सांगत नाही. मी ते वाक्य खोटं होतं म्हणून पस्तावले नाही, त्यापायी गोळ्या थांबवल्या म्हणून पस्तावले.

यासोबत पन्नास पोस्टकार्डं पाठवते आहे. सगळ्यांवर माझा पत्ता घातलेला आहे. दर सोमवारी सकाळी गोळी घेतलीस की एक टाक. आत्या कशी आहेस, पाऊस किती आहे, असलं काही लिहू नकोस. फक्त "घेतली" एवढंच लिही. केरू वाचेल, पोस्टात वाचतील. वाचू देत.

पहिलं या सोमवारी टाक. केरू ते घेऊन येईल तेव्हा मी पायरीवर बसलेली असेन.

तुझी,
विमलआत्या